पाण्याखालच्या गुरूची पारख



या व्यासपीठावरून गेले काही दिवस विद्वान मंडळी बोलत आहेत. कोणी संतवाङ्मयावर बोलले, कोणी अर्थसंकल्पावर. आज चालकांनी आमच्यासारख्या माणसाला उभे केले आहे. आमची शाळा नववीत सुटली. पुढचे सारे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. चालकांची अपेक्षा असावी की आम्ही बोनसवर किंवा कंत्राटी कामगारांवर बोलू. आम्ही विषय कळवला तेव्हा चिटणीसांनी पुन्हा फोन करून खात्री करून घेतली. विषय आहे, हौशी लोकांना समुद्राखाली नेणाऱ्या स्कूबा शिक्षकांचा. त्यांचा अनुभव कितपत खरा, त्यांच्यावर विश्वास किती टाकावा आणि तो कशाच्या आधारावर टाकावा, एवढाच आमचा आजचा प्रश्न आहे.

हा प्रश्न श्रीमंतांच्या चैनीचा आहे असे कोणी समजू नये. या सभागृहात बसलेल्यांपैकी किती घरांतली मुले दिवाळीत किंवा मे महिन्यात मालवण-तारकर्लीला, गोव्याला, अंदमानला जाऊन आली, ते आठवून पाहा. माशांच्या मध्ये हात पसरलेला मुलीचा फोटो आपण शेजाऱ्यांना कौतुकाने दाखवतो. त्या फोटोत तिच्या पाठीमागे, हवेची टाकी धरलेला एक हात असतो. तो हात कोणाचा, हे आपण विचारलेले नसते. आज आम्ही त्या हाताविषयी बोलणार आहोत.

आम्ही या भानगडीत कसे पडलो, ते आधी सांगतो. आमच्या युनियनचे एक जुने सभासद मूळचे कोकणातले. त्यांचा मुलगा किनाऱ्यावर स्कूबाच्या धंद्यात शिक्षक म्हणून नोकरीला होता. काही वर्षांपूर्वी एका जानेवारीत तो वडिलांबरोबर आमच्या कार्यालयात आला. डिसेंबरच्या सुटीत किनाऱ्यावर पर्यटकांची रीघ लागली होती. एका सकाळी समुद्राला उसळ होती आणि पाणी इतके गढूळ होते की हात लांब केला तर पंजा दिसेना. त्याने मालकाला सांगितले, आज नवख्या माणसांना खाली नेणे बरोबर नाही. मालक म्हणाला, "तुझ्याकडे सर्टिफिकेट आहे ना? मग भितोस कशाला?" मुलगा हटून बसला. मालकाने दुसऱ्या पोराला पाठवले. त्याने दिवसभर माणसे खाली नेली आणि वर आणली. कोणाला काही झाले नाही. माणसे हसत बाहेर आली, फोटो घेऊन गेली. संध्याकाळी आमच्या मुलाची नोकरी गेली आणि महिन्याचे पैसेही अडकले.

मुलाने आम्हाला विचारले, "काका, कोणालाच काही झाले नाही. मग मी चुकलो का?"

तीस वर्षे आम्ही कामगारांचे प्रश्न ऐकत आहोत. परंतु या प्रश्नाला त्या दिवशी आमच्याकडे उत्तर नव्हते. पैशांचे पत्र आम्ही लगेच लिहिले. मुलाच्या प्रश्नासाठी मात्र वाचावे लागले, किनाऱ्यावर हिंडावे लागले आणि या वयात पाण्यातही उतरावे लागले.

प्रथम पाण्याखाली काय घडते ते पाहू. आपल्या अंगावर हवेचा जेवढा दाब असतो, तेवढाच आणखी दाब समुद्रात दर दहा मीटरला वाढत जातो. दहा मीटरवर तो दुप्पट होतो, वीस मीटरवर तिप्पट, तीस मीटरवर चौपट. दाब वाढला की हवा आकसते आणि कमी झाला की फुगते. हा रॉबर्ट बॉइलचा नियम १६६२ सालचा. शाळेत आपण तो पाठ करतो आणि विसरतो. पाण्याखाली मात्र तो विसरून चालत नाही. दहा मीटरवर टाकीतली हवा छातीभर घेऊन श्वास रोखला आणि माणूस तसाच वर आला, तर ती हवा दुप्पट जागा मागते. छातीत तेवढी जागा कोठून असणार? फुफ्फुस फाटते, हवेचे बुडबुडे रक्तात शिरतात आणि मेंदूपर्यंत पोहोचतात. म्हणून स्कूबाचा पहिला धडा एका वाक्याचा आहे : श्वास कधीही रोखू नये.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तीस मीटरवरून वीसवर येताना हवा सव्वापटीहून थोडी अधिक फुगते, विसावरून दहावर येताना दीडपट, आणि दहावरून पृष्ठभागावर येताना दुप्पट. म्हणजे श्वास रोखण्याचा सर्वांत मोठा धोका अगदी वरच्या पाण्यात आहे. "आम्ही फार खोल नेत नाही, काळजी नको," असे किनाऱ्यावर सर्रास ऐकू येते. ते अर्धेच खरे आहे. पोहण्याच्या तलावातसुद्धा टाकीची हवा घेऊन श्वास रोखल्यामुळे फुफ्फुसाला इजा होऊ शकते. घाबरलेला माणूस नेमके तेच करतो. तो श्वास रोखतो आणि वर धाव घेतो. त्याची भीती त्याच्या आधी ओळखणे, हे शिक्षकाचे खरे काम आहे.

हे ज्ञान कोणी मिळवले, ते शोधताना आम्हाला आमचीच माणसे भेटली. अमेरिकेत ब्रुकलिनचा पूल बांधताना नदीच्या तळाशी दाबलेल्या हवेने भरलेल्या प्रचंड लाकडी पेट्या बसवल्या होत्या आणि त्यांत मजूर खणत होते. काम संपवून वर आले की त्यांचे सांधे धरत, काहींना लकवा होई, काही दगावले. १८७२ च्या मे महिन्यात या मजुरांनी संप केला. त्याच वर्षी पुलाचा मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग याच रोगाने अंथरुणाला खिळला. १८७८ मध्ये पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन माणूस झटकन वर आल्यावर बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो. पुढे इंग्लंडमध्ये जॉन स्कॉट हॉल्डेन याने बोकडांवर प्रयोग करून, किती खोलीवरून किती थांबत थांबत वर यावे याची कोष्टके १९०८ मध्ये प्रसिद्ध केली. हाच हॉल्डेन कोळशाच्या खाणींतले विषारी वायू तपासत खाणकामगारांबरोबर जमिनीखाली उतरत असे. आज हौशी पाणबुड्याच्या मनगटावरचे यंत्र त्याला "सावकाश वर ये" म्हणून सांगते, त्या सूचनेमागे पुलाच्या पायात खणणाऱ्या मजुरांची मोडलेली शरीरे आहेत.

१९४३ मध्ये फ्रान्समध्ये झाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी, श्वास घेतला की हवी तेवढीच हवा देणारी झडप टाकीला जोडली आणि माणूस पाण्याखाली मोकळा फिरू लागला. युद्धानंतर ते साधन बाजारात आले. साधन विकत मिळू लागले. वापरायचे कसे, हे सांगणारे कोणी नव्हते. शिक्षकाची गरज तेथून उत्पन्न झाली. इंग्लंडमध्ये १९५३ साली ब्रिटिश सब-अॅक्वा क्लब निघाला. तेथे सभासदच सभासदांना विनामूल्य शिकवत. १९५९ मध्ये निरनिराळ्या देशांच्या संघांचा महासंघ मोनॅकोत स्थापन झाला. अमेरिकेत १९६० मध्ये 'नावी' आणि १९६६ मध्ये 'पॅडी' या संस्था निघाल्या. आपल्या किनाऱ्यावर ज्या दाखल्याचे नाव सर्वाधिक ऐकू येते, तो या पॅडीचा.

आता हा दाखला म्हणजे काय? शिक्षक होण्यासाठी वय अठरा पूर्ण हवे, पाणबुड्याचा पहिला दाखला मिळून किमान सहा महिने झालेले हवेत आणि वहीत शंभर बुड्यांची नोंद हवी. मधल्या पायऱ्या आहेत. बुडणाऱ्याला वाचवणे आणि प्रथमोपचार शिकावे लागतात. शेवटी परीक्षा असते, आणि ज्याने शिकवले त्याच्या हाती ती नसते, परीक्षक वेगळा असतो. हे सारे चांगले आहे, आणि दाखल्याची टिंगल करणाऱ्यांपैकी आम्ही नाही. ज्याच्याकडे दाखलाच नाही, त्याच्याबरोबर पाण्यात उतरू नये, हे तर उघडच आहे.

परंतु हिशेब करून पाहा. ज्याने आयुष्यात कधी समुद्राखाली डोके घातले नव्हते असा तरुण, मनात आणले तर, वर्षाच्या आत दुसऱ्यांचे जीव हाती घेणारा शिक्षक होऊ शकतो. सुतारकामात इतक्या अवधीत पोराला रंधा नीट धरता येत नाही. शिवाय दाखला देणारी संस्था त्या दाखल्याच्या फीवरच चालते, हेही विसरू नये. फ्रान्समध्ये पैसे घेऊन स्कूबा शिकवायचे तर सरकारी पदविका लागते. बहुतेक देशांत मात्र या खाजगी संस्थांचा शब्द हाच शेवटचा शब्द असतो.

मग म्हणाल, दाखल्यापेक्षा अनुभव पाहावा. बरोबर, पण अनुभव म्हणजे काय, तेही तपासले पाहिजे. आमच्या एका कारखान्यात एक क्रेन चालक होता. बावीस वर्षांचा अनुभव, असे तो सांगे. बावीस वर्षे त्याने एकाच छपराखाली, एकाच वजनाचे गठ्ठे, एकाच दिशेने उचलले होते. उघड्या यार्डात वाऱ्यात काम पडले तेव्हा त्याचे हात थरथरू लागले. त्याचा अनुभव बावीस वर्षांचा नव्हता. एक वर्षाचा अनुभव त्याने बावीस वेळा घेतला होता. शंभर बुड्यांचेही तसेच. त्या सगळ्या एकाच शांत खाडीत, निवळ पाण्यात, एकाच मोसमात मारल्या असतील तर ती एकच बुडी समजावी. वाहते पाणी, गढूळ पाणी, अचानक घाबरलेला सोबती, हे ज्याने पाहिले असेल त्याच्या पन्नास बुड्याही भारी ठरतील.

याच्या उलट बाजूही आहे. कोकणातला कोळ्या-गाबितांचा मुलगा समुद्र अंगाखांद्यावर घेऊन वाढतो. उधाण, ओहोटीची ओढ, वारा फिरल्याची चाहूल, हे त्याला कोणत्याही पुस्तकापेक्षा अधिक कळते. हे ज्ञान अमोल आहे आणि परदेशी दाखल्याच्या चौकटीत त्याला रकाना नाही, याची आम्हाला खंत वाटते. तरीही समुद्र येणे वेगळे आणि समुद्र न येणाऱ्याला सांभाळणे वेगळे. जो स्वतः माशासारखा पोहतो, त्याला पाण्याची भीती वाटणारा माणूस कधी कधी कळतच नाही. पट्टीचा कारागीर वाईट गुरू असल्याची उदाहरणे आपणा सर्वांच्या माहितीची आहेत.

आता आमची स्वतःची हकीकत. पहिल्या वेळी आम्ही एका ठिकाणी गेलो. गावाचे नाव सांगत नाही. एक इंग्रजी कागद पुढे आला. "काका, सही करा, नुसती फॉर्मॅलिटी आहे." तो कागद प्रकृतीविषयीचा होता, दमा आहे का, हृदयविकार आहे का, पंचेचाळीस ओलांडली आहे का, असले प्रश्न त्यात होते. वाचायला कोणी वेळ दिला नाही. पोरगा म्हणाला, "ऑक्सिजनची टाकी आहे, घाबरू नका." श्रोतेहो, त्या टाकीत आपण घेतो तीच साधी हवा दाबून भरलेली असते. शुद्ध ऑक्सिजन सहा मीटरच्या खाली विषासारखा बाधतो. एवढे ज्याला माहीत नाही, तो आम्हाला खाली घेऊन चालला होता. खाली गेल्यावर कानात सुरी फिरावी तशी कळ आली. आम्ही त्याच्याकडे पाहिले, तर त्याचे लक्ष कॅमेऱ्याकडे होते. काही झाले नाही. आम्ही वर आलो. फोटो सुंदर आला आहे.

दुसऱ्या वेळी मालवणच्या बाजूला एका दुसऱ्या माणसाकडे गेलो. पस्तिशीचा असेल. त्याने आम्हाला समोर बसवून कागदावरचा एकेक प्रश्न मराठीत विचारला. रक्तदाब विचारला, गोळ्या कोणत्या घेता ते विचारले. मग आम्ही दोनदा शिंकलो, तसे त्याने कागद मिटून ठेवला. म्हणाला, "काकांनु, तुमका सर्दी झालेली आसा. आज पाण्यात नको." आम्ही म्हटले, एवढ्या लांबून आलो आहोत. तो म्हणाला, "समुद्र खंय जाणा नाय. पैसे परत घेवा." सर्दीने नाक-कानाचा मार्ग बंद असला तर कानातला दाब सारखा करता येत नाही आणि पडदा फाटतो, हे त्याने बोटांनी दाखवून समजावले. त्या दिवसाचे त्याचे पैसे बुडाले. आम्ही पाण्यात उतरलोच नाही. आणि या साऱ्या प्रकरणात ज्याच्यावर आमचा पुरा विश्वास बसला असा शिक्षक तोच होय.

परतीच्या एस.टी.त आम्हाला त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर सापडू लागले. दाखला आणि अनुभव या दोन गोष्टी शिक्षकाच्या अंगी असाव्या लागतात. तिसरी गोष्ट एकट्या त्याच्या हातात नसते. ती म्हणजे नाही म्हणण्याची मोकळीक. मालवणच्या त्या माणसाची नाव स्वतःची होती, म्हणून तो पैसे परत करू शकला. आमच्या मुलाजवळही तेच ज्ञान होते, तीच नजर होती. पण त्याला पगार डोईमागे मिळत होता. जितकी माणसे खाली नेशील तितके पैसे. पावसाळ्यात जलक्रीडा बंद, म्हणजे वर्षाची कमाई उरलेल्या महिन्यांत करायची. अशा माणसाला आपण अनुभव विचारतो, पण त्या अनुभवाप्रमाणे वागण्याची सोय त्याला ठेवत नाही. ज्ञान असून उपयोगी पडू नये, अशी ही व्यवस्था आहे.

मालकाचीही बाजू आम्ही ऐकली. नावेवर कर्ज आहे, शेजारचा दोनशे रुपये कमी घेतो आणि गिऱ्हाईक पहिला प्रश्न दराचाच विचारते. हे खोटे नाही. म्हणूनच एकट्याच्या चांगुलपणावर हे सोडता येत नाही. नियम सर्वांना सारखा हवा. पॅडीचाच नियम आहे की, अगदी नवख्यांना पहिल्या ओळखीसाठी समुद्रात नेताना एका शिक्षकामागे चारांहून अधिक माणसे नकोत आणि बारा मीटरच्या खाली नेऊ नये. नियम आहे, तो पाळला जातो की नाही, हे पाहायला गर्दीच्या दिवशी किनाऱ्यावर कोण उभे असते?

२५ जानेवारी १९९८ रोजी ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर टॉम आणि आयलीन लोनर्गन हे अमेरिकन दांपत्य पाण्याखाली असतानाच त्यांची नाव किनाऱ्याला परतली. शिरगणती चुकली होती. दोघे मागे राहिले, हे दोन दिवसांनी नावेत त्यांची पिशवी सापडली तेव्हा कळले. त्यांची शरीरे कधीच मिळाली नाहीत. खाणीत उतरणाऱ्या प्रत्येक कामगाराचा बिल्ला वर फळ्यावर टांगून ठेवण्याची रीत किती जुनी आहे! त्या घटनेनंतर तेथील सरकारने मोजणीचे नियम कडक केले. इंग्लंडमध्ये १९९७ चे डायव्हिंग अॅट वर्क नियम आहेत. पैसे घेऊन हौशी लोकांना शिकवणारा शिक्षकही तेथे कामावरचा कामगार मानला जातो आणि सुरक्षिततेची जबाबदारी कायद्याने मालकावर येते. आम्हाला हे फार मोलाचे वाटते. आपल्याकडे २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी पर्यटकांची नाव उलटली आणि दोन जणांचा मृत्यू झाला. पाण्याखालचा शिक्षक कितीही चांगला असला तरी नाव, हवामान आणि भार यांचाही हिशेब हवा, हे त्या दिवशी दिसले. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण काढले आहे, ते योग्यच झाले. पण खाली उतरणाऱ्या कामगाराला काम नाकारण्याचा हक्क आणि नाकारल्या दिवसाची मजुरी मिळेपर्यंत ते धोरण कागदावरच राहील, असे आमचे मत आहे.

आता आपले कर्तव्य. पुढच्या सुटीत आपण किनाऱ्यावर गेलात तर दराच्या आधी चार गोष्टी विचारा. आपल्याला खाली नेणाऱ्याचा दाखला कोणता आणि तो चालू आहे का? तो याच पाण्यात किती मोसम उतरला आहे? एका वेळी किती जणांना नेतो? आणि काही बिघडलेच तर प्राणवायूची सोय नावेवर आहे का? शेवटचा प्रश्न जरा वेगळा आहे; तो शिक्षकाला हळूच विचारा : मागच्या महिन्यात तुम्ही कोणाला परत पाठवलेत का? ज्याने कोणालाच कधी परत पाठवले नाही, त्याच्याकडून आपणच परत फिरावे. आणि त्याने आपल्याला "आज नको" म्हटले, तर रागावू नका, वाद घालू नका, मोबाइलवर त्याची नालस्ती लिहू नका. शक्य असेल तर त्या दिवसाचे थोडे पैसे त्याच्या हातावर ठेवा. त्याने आपले काम चोख केलेले असते.

त्या मुलाचे पुढे काय झाले, हे आपण विचाराल. त्याचे अडकलेले पैसे आम्ही मिळवून दिले. नोकरी मिळवून देता आली नाही. तेवढी ताकद किनाऱ्यावर आमच्या संघटनेची नव्हती, हे मान्य केले पाहिजे. सध्या तो दुसऱ्या ठिकाणी आहे आणि त्याच्यासारख्या दहाबारा पोरांना घेऊन युनियनची बैठक भरवावी म्हणून आमच्या मागे लागला आहे. मागच्या भेटीत आम्ही त्याला त्याच्या प्रश्नाचे उत्तर दिले. म्हटले, "बाळा, त्या दिवशी काही झाले नाही, ते त्या माणसांचे नशीब. तू मात्र पाणी पाहून बोललास. तू चुकला नाहीस." तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने त्याने आपली बुड्यांची वही काढून दाखवली. त्या डिसेंबरातल्या तारखेपुढे त्याने लिहिले होते : पाणी गढूळ, उतरलो नाही.

आमच्या मते त्या वहीतली सर्वांत मोठी नोंद तीच आहे.